अनामिका

बस. ओली टोपी शेगडीजवळ वाळत घाल.
क्लाक्सविकला जाणारी बोट उद्या दुपारशिवाय नाही,
वारा असाच राहिला तर परवाही नाही.

तर तुला अंगठ्यांविषयी ऐकायचंय.
खाली बंदरात हानुसने सांगितलंच असेल,
दोन पेल्यांनंतर तो सगळ्यांनाच सांगतो:
सीलचं कातडं पांघरणाऱ्यांनी
समुद्राच्या तळाशी ओतलेल्या सहा अंगठ्या.
एक वारा थोपवते, एक मेलेल्यांचा आवाज ऐकवते,
एक नुसतीच जड होत जाते.
कुणाच्या बोटात आहेत,
ते हानुसला ठाऊक नाही.
पाद्रीबाबांनाही नाही. त्यांच्याजवळ लोक पापं सांगतात,
आणि अंगठी म्हणजे काही पाप नव्हे.

मी हातमोजे विणते. एकेचाळीस वर्षं झाली.
माणूस दारात उभा राहून हात पुढे करतो,
मी दोऱ्याने माप घेते,
तोंडाने तो हवेपाण्याचं बोलत असतो.
हाताला मात्र थापा मारता येत नाहीत.

पहिल्यांदा कळलं ते दीपगृहातल्या तुम्मासमुळे.
"चौथं बोट जरा सैल ठेव, रागना," म्हणाला,
"सांधा सुजतो."
सांधा सुजलेला नव्हता.
दिसत तर काहीच नव्हतं,
त्या बोटाभोवतीची हवा तेवढी कोमट होती,
नुकतंच दूध काढलेल्या भांड्यासारखी.
विचारलं नाही. दोन टाके वाढवले.

मग आली शाळेतली बिर्ना.
मग एक पोरगा, पंधरा-सोळाचा, मेंढ्यांमागे फिरणारा.
त्याच्या बोटात कुणी घातली असेल, आणि का,
त्या रात्री माझा टाका
नऊ वेळा सुटला.

राजेबिजे गोष्टीत असतात.
इथे ज्यांच्याकडे आहे ते बटाटे लावतात,
छपराचं गवत बदलतात,
आणि वादळातून सगळ्या होड्या सुखरूप परततात
तेव्हा किनाऱ्यावर सगळ्यात शेवटी पोचतात,
हात खिशात,
चेहरा ताप उतरलेल्या माणसाचा.

तुझ्याआधीही एक जण येऊन गेला.
बूट फार चांगले होते त्याचे.
माझ्याशी बोललाच नाही फारसा,
दोरीवर वाळणारे हातमोजे बघत राहिला,
एकेक बोट चिमटीत धरून.
हुशार माणूस.
त्याची बोट टेकडीआड गेली आणि मी दिवा लावला.
"लोकर खराब निघाली" म्हणून
अख्ख्या गावाचे हातमोजे परत मागवले,
आणि सगळ्यांचीच अनामिका उसवून सैल विणली:
पाळण्यातल्या बाळांची, हानुसची,
पाद्रीबाबांची, माझी.
पुरा हिवाळा गेला त्यात.
डोळेही थोडे गेले.

झाकलेली मूठ ज्याची त्याची असते.
मी फक्त झाकायचं काम करते.

हात पुढे कर. उजवा नको, डावा.
रुंद आहे तळवा. शाईचा डाग अजून ओला.
तुझंही चौथं बोट सैलच निघेल,
तेवढ्या जागी जरा गार वाटेल.

गावात सगळ्यांनाच वाटतं.