पोत्याचं वजन

छावणीच्या धान्यमंडीत, तीन नंबरच्या शेडखाली
मी अकरा वर्षं काटा लिहिला.
पोतं काट्यावर, आकडा वहीत, खाली सही.
तुफैल हम्मालाची पाठ मला
त्याच्या चेहऱ्याआधी ओळखू येऊ लागली:
डाव्या खांद्यावर घट्टा,
मानेवर तागाचे तंतू, घामात चिकटलेले.

चहाच्या वेळी तो हजरत उमरांच्या गोष्टी सांगायचा,
जणू परवाच सियागंजातून माल उचलून गेलेत कुणी.
थोडी इंदुरी हिंदी, थोडी माझ्यासाठी मराठी,
रामबागेत आपट्यांकडे पाणी भरताना
पोरवयात उचललेली.

"एवढ्या मुलखाचे धनी, बाई, अन् सदऱ्याला ठिगळं.
दुष्काळ पडला तर तूप सोडलं.
पोट गुरगुरलं की त्यालाच म्हणायचे, गुरगुर तू,
लोकांना मिळेपर्यंत तेलच मिळेल.
रात्री हिंडायचे. पहारेकऱ्यासारखे नाही,
कुणाचं देणं लागत असल्यासारखे."

मग ती चूल यायची.
गावाबाहेर अंधारात एक आई पातेलं ढवळतेय,
पोरं रडतायत.
आत पाणी आणि दगड.
आवाज होत राहिला की पोरं वाट बघत झोपतात.
समोर कोण उभं आहे हे न कळता
ती खलिफाला बोल लावत होती,
आणि खलिफा ऐकत होते.

"धावत कोठारात गेले. पिठाचं पोतं पाठीवर घेतलं.
चाकर म्हणाला, मी घेतो.
तर म्हणाले, कयामतीला माझं ओझं
तू घेणार आहेस का?"

इथे तुफैल विडी विझवायचा.
पुढचं हळू सांगायचा:
चूल स्वतः फुंकली, दाढीतून धूर निघाला,
पोरं जेवून हसेपर्यंत लांब बसून राहिले.

मी पडले कारकून. एकदा विचारलं,
पोतं किती किलोचं होतं?
तो हसला नाही.
"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, बाई.
काट्यावर चढलंच नव्हतं ना."

फाल्गुनात साहेबांनी वही पुढे सरकवली.
देपालपूरकडच्या एका शाळेचा तांदूळ,
अठरा पोती, पोहोचली.
शेडमध्ये एकही नव्हतं.
तुफैल समोर बसून बोटातली कुसळ काढत होता.
मी सही केली.
अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

तो काही बोलला नाही.
चहा घेत राहिला, नमस्ते करत राहिला,
दिवाळीला माझ्या घरी गव्हाचं पोतं
तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून पैसे घेतले नाहीत.
फक्त गोष्ट थांबली.
मीच एकदा म्हटलं, ती चुलीची सांगा ना.
म्हणाला, "झाली की सांगून."

गेल्या पौषात तो गेला.
नातू आला, कागदात गुंडाळून लोखंडी आकडा घेऊन,
पोती ओढायचा, मूठ झिजून चकचकीत झालेला.
"दादा म्हणाले, मंडीवाल्या बाईंना दे."
आणखी काही म्हणाले का?
"म्हणाले, हजरत उमरांनी मरताना मुलाला सांगितलं होतं,
माझं देणं किती ते मोज.
एवढंच. मग पाणी मागितलं."

आमच्या भाषेत दोन्हींना आकडा म्हणतात,
जो वहीत लिहितात त्याला
आणि जो पोत्यात रुतवतात त्याला.
अकरा वर्षं मला हे सुचलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारामागे तो टांगला आहे.
भात उकळताना झाकण वाजतं
तेव्हा मी झाकण उचलून बघते.
भातच असतो.

देपालपूरची पहिली बस सकाळी सहाला सुटते.
तिकिटाची चौकशी करून आले आहे.
अजून गेलेले नाही.