चिवटेबाईंची पर्स

पुराची रेघ अजून आहे दुकानाच्या भिंतीवर,
छत्र्या टांगायच्या खिळ्याच्या चार बोटं वर.
त्या रेघेखाली बसून मी चेन बसवतो,
शाळेच्या दप्तरांना, कंडक्टरच्या पैशाच्या पिशव्यांना.
तिथं चिवटेबाई आल्या
आणि उशीच्या अभ्र्यातून
तान्हं काढावं तशी काढली एक पर्स.
काळी. सोनेरी कुलूप, किल्ली नखाएवढी.
"पॅरिसची," म्हणाल्या. हळू म्हणाल्या,
शेजारचा लिंबंवाला कान देऊन होता.

हळदीच्या अडतीवर छत्तीस वर्षं हिशेब लिहिला बाईंनी.
मग दोन पाटल्या मोडल्या,
आणि मुंबईच्या कुणा पारशिणीकडून ही आणली.
अशा पाच आहेत. एकही मंडईत नेत नाहीत.
पुरात टीव्ही खाली राहिला,
लग्नाचा अल्बम राहिला,
या पाचजणी पहिल्याच फेरीत माळ्यावर.
"सून हसते," म्हणाल्या. "तुम्हीही हसून घ्या."

मी टाके बघत होतो.
तिरपे, कणसात ज्वारी बसते तसे दाटून.
मशीन असं शिवत नाही.
एक दोरा, दोन सुया, आरीचं भोक, मेण,
आणि गुडघ्यात लाकडी चिमटा धरून बसलेला कुणीतरी.
माझा आजा असाच बसायचा.
तासगावकडच्या कितीक विहिरींच्या मोटा त्यानं शिवल्या.
बैल धावेवरून उतरले, थारोळ्यात पाणी आदळलं
की रस्त्यानं जाता जाता सांगायचा,
ही माझी.
ही नव्हं.

बाईंनी भिंग दिलं. पट्ट्याच्या आतल्या अंगाला
बारीक ठसा, शिवणाऱ्याची खूण.
"तिच्यामुळंच दाम," म्हणाल्या.
आजाच्या मोटांवर खूण नव्हती.
इंजिनं आली, मोटा गोठ्यामागं पडल्या,
कुत्र्यांनी खाल्ल्या.

बंद उसवला होता. सात टाके.
"शेजारी माझी खूण घालू का, बाई?"
बाई गप्प. मग खरं तेच बोलल्या,
"मोल उतरेल हो."
बरोबर आहे. हिशेबाची बाई.

रात्री दिवा जवळ ओढून शिवलं.
सहा टाके त्या तिकडच्या माणसासारखे,
सातवा दुसऱ्या अंगाला कललेला,
मोहरीएवढा.
शंभर सांगितले, त्यांनी तीनशे दिले
आणि पायरीवर उभ्या राहूनच भिंग काढलं.
बराच वेळ बघत होत्या.
मग भिंग मिटलं, चालू लागल्या.

महिन्यानं पुन्हा तोच अभ्रा.
आत दुसरी, विटकरी रंगाची.
मी उलटीसुलटी केली. चेन धड, बंद धड,
एक दोरा सुटलेला नाही.
"हिला काय झालंय?"
"काही नाही," म्हणाल्या,
आणि स्टूल ओढून बसल्या.