मधल्या वर्षांचा अंदाज

प्रगणक बाई आल्या, नातीच्या वयाच्या.
घरात किती जण?
थांबा, म्हटलं, चहा टाकतो.

एकतीस वर्षं ग्वाल्हेरच्या सांख्यिकी कचेरीत
मी हेच केलं:
जन्म मिळवा, मृत्यू वजा,
आले-गेले अंदाजानं.
दशांश चुकला की भोपाळहून पत्र.

उल्का पुण्यात मोजली जाईल.
निरंजन कुठेच नाही, तो जहाजावर.
इंदू
पौषात वजा.

एक, मी म्हणालो.

मातृभाषा? त्यांनी हिंदीत विचारलं.
मीही हिंदीतच सांगितलं: मराठी.
पेन थांबलं.
या गल्लीत तुम्ही दुसरे.

पहिलं कोण?
ते गुप्त असतं, अंकल.
चहावर साय धरली होती.

संध्याकाळी लष्करातल्या आमच्या गल्लीत
दोनदा उगाच फिरलो,
मराठीत खोकत.