उणे साडेसात

फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न :
घरी न्यायला कोण येणार?
बाकी सगळं भरून झालं होतं,
ॲलर्जी, औषधं, धोके मान्य असल्याच्या चार सह्या.
या एका रेघेपाशी पेन थांबलं.
मग ग्लेनिसचं नाव लिहिलं.
ग्लेनिस लायब्ररीत माझ्या शेजारच्या टेबलाशी बसते.
आमची ओळख म्हणजे एक किटली
आणि अर्धं अर्धं कपाट.

बाबांना सांगितलं नव्हतं.
कसं सांगणार?
कराडला स्टँडमागे त्यांचं चष्म्यांचं दुकान.
चौथीत फळा दिसेना, तेव्हा त्यांनीच
तपासणीची जड गोल चौकट माझ्या नाकावर ठेवली
आणि एकेक भिंग घालत विचारलं,
आता? आणि आता?
दर वर्षी नंबर वाढायचा.
दर वर्षी ते काच स्वतः घासायचे,
कडा इतक्या निगुतीने उतरवायचे
की वर्गात कुणाला जाडी कळू नये.
(कळायचीच.)
शेवटी थांबला तेव्हा म्हणाले,
घ्या, साडेसाती ती साडेसातीच,
पण आता पुढे सरकायची नाही.

शेफील्ड. सप्टेंबरातला गुरुवार.
पापण्या तारेने ताणून धरलेल्या.
हिरव्या ठिपक्याकडे बघत राहा, असा आवाज आला.
मी बघत राहिले.
ठिपका पाण्यात शाई सुटावी तसा पसरला
आणि मग काही सेकंद काहीच नव्हतं,
अंधारसुद्धा नव्हता.
मशीन टकटकलं.
जळक्या केसांचा वास आला
आणि मला दुकानातलं घासायचं चाक आठवलं,
त्यावर ठिबकणारं पाणी, ओल्या काचेची भुकटी.
वाटलं, काम तर तेच चाललंय,
फक्त या वेळी काच मी आहे.

बाहेर ग्लेनिसने कोपर धरलं.
पायरी आहे, लव्ह.
ट्राममध्ये चढताना, पायरी आहे, लव्ह.
माझी गल्ली म्हणजे नुसता चढ,
वळणावळणावर पायऱ्या.
आयुष्यात इतक्या वेळा मला कुणी लव्ह म्हटलेलं नाही.

सकाळी टेप सोडवून
डोळ्यांवरच्या प्लॅस्टिकच्या वाट्या काढल्या.
समोरच्या छपराचे काळे दगडी पत्रे मोजता आले.
धुराड्यावरचं कबूतर,
त्याच्या मानेवरचा जांभळा.
अंथरुणातून, काहीही न चाचपता.
बोट मात्र सवयीने नाकाकडे गेलं
आणि नसलेला चष्मा वर सरकवून खाली आलं.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल.
मी जुना चष्मा काढला. घातला.
त्यातून आता सगळं गढूळ.
मग अंगठ्याने दाबून दोन्ही काचा सोडवल्या
आणि रिकामी चौकट नाकावर ठेवून
खिडकीसमोर बसले.

थंडी पडली का, जेवलीस का,
शेजारच्या गाळ्यात मोबाइलवाला आलाय,
दिवसभर रिंगटोन वाजवतो.
बोलता बोलता थांबले.
स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून
फोन अगदी डोळ्यांजवळ नेला.
खिडकी समोर आहे ना तुझ्या?
हो.
मग काचेवर उजेड का पडत नाही?

मी काही बोलले नाही.
त्यांच्या मागे कुणीतरी गिऱ्हाईक
आरशात फ्रेमा बदलून बदलून बघत होतं.

किती दिवस झाले?
तीन.
थेंब?
दर दोन तासांनी.
पाणी लागू देऊ नकोस डोळ्यांना.
नाही देत, म्हणाले,
आणि ते तितकंसं खरं नव्हतं.

ते गिऱ्हाइकाकडे वळले,
ती नको, नाकावर बसत नाही तुमच्या, म्हणाले,
आणि परत आले.

चौकट टाकू नकोस ती.
छत्तीस ना तुला आता?
चाळिशीला येशीलच दुकानात.