कढईला गंज चढू नये म्हणून

धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या अलीकडे
माझं गॅरेज आहे, टपरीएवढंच.
गिऱ्हाईक गाडी स्टँडवर लावायच्या आत
मला कळतं, चेन सैल पडलीय की बेअरिंग गेलंय.
कान लावावा लागत नाही.
तो लागलेलाच असतो.

जुईचंही तसंच कळलं.
डबा रोज रिकामा येत होता,
ताप नाही, खोकला नाही,
पण शाळेतून आली की दप्तरासकट
कॉटवर आडवी, पायांत बूट तसेच.
हर्षदा म्हणाली, एप्रिल आहे, ऊन बाधलं असेल.
मी म्हणालो, नाही.
का नाही, ते मात्र सांगता येईना.

मग एकदा तिची कंपासपेटी उघडली,
तर आत पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा, अर्धा संपलेला.
आता पाटी कुणाकडे असते?
एका तुकड्यावर बारीक दात उमटलेले.

एकदम माझ्याच जिभेवर ती चव आली,
थंड, राखाडी, ओल्या भिंतीची.
सासवडच्या शाळेत मीही खायचो.
आईनं पाठीत दोन धपाटे घातले
आणि विषय तिथंच मिटला होता.
म्हणजे मला काही आभाळातून सुचलं नव्हतं,
माझ्या लहानपणानं आतून कोपर मारलं होतं.

लोंढे डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.
आठ पॉइंट दोन.
गोळ्या दिल्या. त्या चुकवायच्या नाहीत,
हे मी कॅलेंडरवर ग्रीसच्या बोटानं लिहिलं.
उरलेलं काम स्वयंपाकघरात होतं.
बोहरी आळीत लोखंडी कढई घेतली.
दुकानदार म्हणाला, नॉनस्टिक न्या, धुवायला सोपी.
मी कढईला टिचकी मारली, आवाज ऐकला, पैसे दिले.

अळिवाच्या लाडवाला जुईनं नाक मुरडलं.
तेच गूळखोबऱ्यात थापून वड्या पाडल्या,
तर चार खाल्ल्या, वर विचारलं, दुकानातल्या का?
राजगिऱ्याचा पाला, लसूण, वरून लिंबू.
हुलग्याचं माडगं, फुंकर मारत मारत.
जेवणावरचा चहा बंद, माझासुद्धा.
भाजी काळपट दिसते, ती कुरकुरली.
दिसू दे, म्हटलं.

दोन महिन्यांनी जिना पळत चढली,
वर पोचून माझ्यावरच ओरडली
की तू माझी कंपास का उघडलीस.
इतका जोर लागतो ओरडायला, हे विसरलोच होतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान. घरात अजून कुणाचं तपासलंय?
मी हसलो. आम्ही दणकट आहोत, बाई.

त्या रात्री फ्रीजचं दार वाजलं.
मग कुडुम. मग पुन्हा कुडुम.
ओट्याशी अंधारात उभी राहून
हर्षदा बर्फ चावत होती.

दोन वर्षं मी हा आवाज ऐकत होतो.
उकडतंय म्हणून खाते, असं मीच ठरवून टाकलेलं,
डिसेंबरातसुद्धा.
नव्या कढईतली भाजी पोरीला किती, मला किती,
हे मला चमच्यागणिक माहीत होतं.
ती मागून कढईच्या कडा
भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची,
आणि त्यालाच आम्ही तिघंही
तिचं जेवण झालं असं म्हणायचो.

सात पॉइंट एक.
पोरीपेक्षा कमी.
तिनं रिपोर्टची घडी घातली,
तूरडाळीच्या डब्याखाली ठेवली
आणि विचारलं, उद्या डब्याला काय देऊ?

आता गॅरेज आठला बंद करतो.
हात तीनदा धुतले तरी
माझ्या भाजीला पेट्रोलचा वास येतो, ती म्हणते.
येत असेल.
तिला आधी बसवतो. तिला बसवत नाही.
दोनदा उठते, मीठ आणायला, पाणी आणायला,
मीठ-पाणी समोरच असतं.

सगळी झोपली की कढई घासतो,
लगेच पुसून तेलाचा हात फिरवतो.
मग हळूच फ्रीजर उघडतो.
ट्रेमध्ये बारा खाचा.
काल दोन रिकाम्या होत्या.
आजच्या अजून मोजल्या नाहीत.