चौथं प्रकरण

मुदतवाढीच्या अर्जात कारणाला जागा दीड ओळ.
मी लिहिलं, विषय मोठा आहे.
कारकून म्हणाला, मॅडम, सगळ्यांचाच असतोय की,
तब्येतीचं काहीतरी घाला.

विषय : सीमाभागातल्या माणसांनी देवाला मारलेल्या हाका.
शाळा सुटली की खानापूरहून बेळगावची बस,
कॅम्पातल्या एका चर्चची मागची खोली,
बाप्तिस्म्याची रजिस्टरं,
वाळवीनं जन्मापासून मृत्यूपर्यंत आडवी वाचून काढलेली.
एका पानावर आई मराठीत, बाप कानडीत
आणि मूल इंग्रजीत जन्मलेलं.
उतरवून घेतलं. टीप क्रमांक तीनशे सात.

तीन प्रकरणं झाली.
हंजी सर समासात पेन्सिलीनं एवढंच विचारतात :
यात तुमचं काय?

आई कांदा चिरत असते.
देव आहे का नाही, ठरलं काय गे तुझं?
तो माझा प्रश्न नाही, आई.
लोक त्याला काय म्हणतात, तेवढंच बघते मी.
म्हणजे शिरगणतीच की, म्हणते ती,
आणि कांदा तेलात सोडते.

दसऱ्याच्या सुटीत मलप्रभेकाठची दफनभूमी धरली,
कौलांच्या बंद भट्टीमागची.
नवरा खड्डे खणायचा. तो गेल्यावर यमनव्वा खणते.
तिचं स्वतःचं कुणी इथं पुरलेलं नाही.
मराठी तिला बाजारापुरतं येतं.
मी प्रश्नावली काढली. तिनं कुदळ टेकवली.
म्हणाली : देवरु अदान.

देवरु, बहुवचन. साहेब आले, तसं.
अदान, एकवचन. धाकटा भाऊ घरात आहे का? अदान.
माझ्या वर्गात असलं वाक्य कुणी लिहिलं असतं
तर लाल रेघ मारून अर्धा गुण कापला असता.
एक की अनेक, यावर
धर्मसभा बसल्या, माणसं हद्दपार झाली,
माझी नव्वद पानं गेली.
तिनं नाव वाकून घेतलं, क्रियापद अरेतुरेत.
सोडवलं असं म्हणता येणार नाही.
दोन्ही तिथंच ठेवून ती खणायला लागली.

मग थांबून विचारलं, हे लिहून पगार वाढतो?
थोडा वाढतो.
तर मला एक वाचून दे.

कोपऱ्यात शेवंतीखाली वीतभर दगड.
कुणाचं तरी लेकरू असणार,
तीस वर्षं झाडते, पाणी घालते, नाव ठाऊक नाही.
मी बसले. शेवाळ नखानं खरवडलं.
अक्षरं वर आली.
भट्टीचा शिक्का. खाली साचा नंबर चार.
दगड नव्हताच, भाजलेली माती होती,
कुठल्याशा ढिगातून कधीतरी सुटलेली.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.
पुसलंय, म्हटलं मी. लागत नाही.

असू दे, म्हणाली,
आणि डब्यातलं उरलेलं पाणी तिथं ओतलं.

साडेपाचच्या बसमध्ये वही उघडली.
देवरु अदान. तारीख, ठिकाण, वय अंदाजे सत्तर.
शिक्क्याचं लिहिलं नाही.

सर, तुम्ही समासात विचारलं होतं ना.