शेक

स्वारगेट ते कात्रज, कुठल्या थांब्यामागचा
संडास उघडा, कुठल्याला कुलूप,
मला पाठ. तिकिटं फाडता फाडता
अठरा वर्षांत हा दुसराच रूट तयार झाला.

रिपोर्ट सगळे नॉर्मल.
"टेन्शन घेऊ नका," तिघं म्हणाले.
फी तेवढी वेगवेगळी.

पद्मावतीला, पिठाच्या गिरणीवर
निरंजन ढमढेरे.
चीनला डॉक्टर व्हायला गेला, परतून परीक्षेत अडकला,
हा शेक तेवढा घेऊन आला.
बेंबीच्या दोन बोटं वर
जाड विडीसारखी जळती कांडी धरतो,
राख पडायच्या आत वाटीत झटकतो.
"चटका बसला तर सांगा.
पोटात ठेवू नका."

वास ओळखीचा. दवणा?
"त्याचाच चुलतभाऊ."
चैत्रात आई जोतिबाला वाहायची,
उरलेली काडी माझ्या दप्तरात.

खाली गिरणी थरथरते, वर पोट.
मग पोट थांबतं.
गिरणी चालूच.

बरं वाटलं का, बायको विचारते.
काय सांगू? आज कात्रजपर्यंत
थांबे नुसते थांबे होते.
उद्याचं माहीत नाही.
खाकी शर्टाला अजून धूर आहे,
धुवायला टाकला नाही.